कोब्याखालचं अर्थिंग

आमच्या घरातल्या पुरुषांना विजेतलं काही कळत नव्हतं. बोलता मात्र भरपूर यायचं.

मुरबाडकडच्या आमच्या गावात भारनियमनाची वर्षं होती. लाइट जायची त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, पण परत यायची ती उसळून यायची. अशाच एका दुपारी माझा ॲम्प्लिफायर जळला. लोकांचे ब्लाउज शिवून मी तो घेतला होता. मशीनवर बसले की दिवसभर गाणी चालू असायची. शहापूरच्या दुरुस्तीवाल्याने तो जिवंत करून दिला आणि सांगितलं, "ताई, परत जळला तर आणू नका. याचे पार्ट येत नाहीत आता."

म्हणजे तो वाचवायलाच हवा होता. धाकटा दीर कल्याणच्या दुकानातून एक चकचकीत कागद घेऊन आला. त्यावर विजेचा दाब सांभाळणाऱ्या काळ्या खोक्याचं चित्र, खोक्याला निळा दिवा.

"वहिनी, ह्यानं आवाज पण सुधारतो."

"कोणाचा? तुमचा?"

त्या खोक्याच्या किमतीत माझा ॲम्प्लिफायर दोनदा आला असता. मी शहापुरातून साधा स्टॅबिलायझर आणला. लाइट आली की तो तीन मिनिटं थांबून मगच वीज पुढे सोडायचा. सोबत स्पाइक गार्डचा बोर्ड घेतला. विजेचा जादा दाब आला तर तो जमिनीत सोडतो, असं दुकानदार म्हणाला.

घरी आणून जोडलं, तर ॲम्प्लिफायरला बोट लावताच झिणझिण्या यायला लागल्या.

"अनवाणी कशाला हात लावतेस गो? चप्पल घाल," नवरा म्हणाला. तो वाशिंदच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे यंत्रांवर त्याचा शब्द शेवटचा. आठ दिवस मी स्वतःच्या घरात चप्पल घालून मशीनवर बसले.

"स्वस्तातला माल. मी बोललो व्हतो," दीर म्हणाला.

शेवटी मी शहापूरहून वायरमन बोलावला. त्याने बल्बची एक तार फेजला, म्हणजे चालू विजेला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्ब उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला.

"ताई, अर्थिंग गाडलंय कुठं?"

मी बोट दाखवलं आणि तिथेच उमगलं. दिराच्या हळदीला मंडपात चिखल नको म्हणून दोघा भावांनी अंगणभर सिमेंटचा कोबा केला होता. अर्थिंगचा खड्डा त्याच्याखाली गेला. त्याआधी मी रोज सकाळी अंगणात सडा घालायचे. कोबा झाला, सडा बंद झाला. इतकी वर्षं अर्थिंग ओलं ठेवत होती ती माझी बादली, आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. आता खाली सगळं कोरडं ठाक. बोर्ड दाब जमिनीत सोडणार कसा? म्हणून वीज माझ्या बोटातून वाट काढत होती.

"कोबा फोडायचा नाय," नवरा म्हणाला. "मागच्या अंगाला दुसरा खड्डा मारू."

"कधी?"

"बघू रविवारी."

तीन रविवार दोघांनी बघितलं. चौथ्या सोमवारी ते कामावर गेल्यावर मी पहार घेतली आणि खड्ड्यावरचा कोबा फोडला. वायरमनने खड्ड्यात नवा कोळसा आणि मीठ भरलं, पुन्हा बल्ब लावला. लख्ख पेटला. तेव्हापासून रोज सकाळी त्या भोकात मी बादलीभर पाणी ओतते. दोघेही भोकाला वळसा घालून, कपाळाला आठ्या घालून जायचे.

दिराने मागच्या खोलीला वेगळं मीटर घेतलं होतं. तिथे टीव्हीपाशी त्याने तो निळ्या दिव्याचा खोका आणून ठेवला. अर्थिंग काही केलं नाही. ते पाहुण्यांना दिसत नाही.

पुढच्या वैशाखात लाइट अशी आली की ट्यूब पांढरीफेक झाली. माझा स्टॅबिलायझर टक् करून थांबला. तीन मिनिटांनी गाणं सुरू झालं. मागच्या खोलीतून जळका वास आला, आणि पाठोपाठ दीर आला.

"वहिनी, तुमचा कसा काय वाचला?"

मी मशीन थांबवली, दारामागची पहार काढली आणि त्याच्या हातात दिली.