नखाचा बांध

सुकदेव सर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे, "मॅडम, चप्पल काढा."

धुळ्याची शाळा सोडून मी जळगावच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. पहिला दिवस, अंगावर ठेवणीतली साडी, शिक्षकखोलीत सगळे अनोळखी चेहरे, आणि टेबलाच्या त्या टोकाला बसलेला एक उंच, काळासावळा माणूस गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत मला चप्पल काढायला सांगतोय. मला वाटलं, इथे आत चप्पल चालत नसेल. इकडेतिकडे पाहिलं, तर सगळ्यांच्या पायांत होत्या.

"उजव्या पायातली काढा," ते म्हणाले. "दारापासून खुर्चीपर्यंत टाचेवर आल्या तुम्ही. आंगठ्यात नख घुसेल आहे तुमच्या."

होतं खरं तसंच. पण पहिल्याच दिवशी परक्या माणसासमोर अंगठा काढून दाखवायचा म्हणजे काय! मी म्हटलं, "काही नाही हो, ठेच लागलीय."

"ठेच लागलेला मानूस गावभर सांगत फिरतो, मॅडम. लपवतो तो नखवाला."

सगळी शिक्षकखोली हसली. मला राग आला, रडूही आलं, आणि मधल्या सुट्टीत मी मुकाट्याने चप्पल काढली. लग्नसराईत हौसेने घेतलेल्या टोकदार सँडलने आणि नखाचे कोपरे गोल कोरायच्या माझ्या सवयीने जे केलं होतं ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, नीट कोरडा करा, पुढून ऐसपैस चप्पल घ्या, कोपऱ्याला ब्लेड लावू नका, आणि पू दिसला तर माझ्याकडे न येता डॉक्टरकडे जा, एवढं सांगून ते तासाला निघून गेले. महिन्या-दीड महिन्यात नख वाढून मांसाच्या वर आलं आणि मी माणसासारखी चालायला लागले.

सर खेळाचे शिक्षक. मूळचे जवळच्याच असोद्याचे, घरी केळीची शेती, आणि बोली शाळेत वीस-पंचवीस वर्षं काढूनही तिथलीच राहिली. 'सावधान' आणि 'विश्राम' हे दोनच शब्द ते पुस्तकी मराठीत उच्चारत. त्यांची मैदानावरची एक पद्धत पाहण्यासारखी होती. पळायला सुरुवात करण्याआधी सगळ्या पोरापोरींनी बूट-मोजे काढून कट्ट्यावर ओळीने पाय ठेवायचे, आणि सर वाकून एकेक अंगठा बघत पुढे सरकायचे. इतर शाळांचे शिक्षक सामन्याला आले की हे पाहून हसत. सर म्हणायचे, "बैल बाजारातून घेता तं खूर बघता ना? ही तं आपली लेकरं आहेत."

त्यांचं सगळं शास्त्र शेतातून आलेलं होतं. शेजाऱ्याच्या बांधावर नांगर घालणारा माणूस आमच्याकडे घरोघरी सापडतो. दरवर्षी वीतभर बांध कोरायचा आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभं राहायचं. सर पोरांना सांगायचे, "नखाचा कोपरा म्हंजे बांध. तो कोरायचा नही. नख सरळ कापायचं, आडव्या रेघेत, जरा मोठं ठेवून. बांध कोरला की नख डूख धरतं आन्‌ शेजारच्या वावरात घुसतं." वावर म्हणजे शेत, हे शहरातल्या पोरांना समजावून सांगावं लागे, बांधाचं भांडण मात्र सगळ्यांना आपोआप कळे.

दुसरं वाक्य बुटाच्या नाडीचं. "नाडी ढिल्ली, आंगठा मोकया." मोकळ्याला ते मोकयाच म्हणत. हे वाक्य पोरं त्यांच्यामागे ओरडून म्हणत आणि नक्कलही करत. लग्नात जेवायला बसलं तरी सरांचं लक्ष नवरदेवाच्या मोजडीकडे. "सप्तपदीले लंगडतो की नही पाहा," असं माझ्या कानात म्हणायचे, आणि नवरदेव हटकून लंगडायचा.

सोनगीरला राहणाऱ्या माझ्या आईला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या मास्तरले इचार, मंगळवारले नख कापानं का नही?" मी विचारलं. सर म्हणाले, "आईले सांगा, वार कोनताबी घ्या, फक्त सरळ कापा." आईला हे उत्तर पटलं नाही, पण माणूस आवडला.

त्यांच्या मैदानावरच्या पोरींपैकी लता मला चांगली आठवते, कारण ती माझ्या वर्गात होती. नववीतली, असोद्याचीच, काटक आणि हट्टी. भावाचे लहान झालेले कॅनव्हासचे बूट घालून पळायची. एके दिवशी तिने कट्ट्यावर पाय ठेवलाच नाही. पोट दुखतंय म्हणाली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "लाज ठेवायची तं तोंडाले ठेव. पायाले काहेची लाज? काढ बूट." अंगठा टोमॅटोसारखा झाला होता, आणि वर तिच्या आईने लावलेला चुना-गुळाचा लेप. सरांनी तिला तिथूनच डॉक्टरकडे नेलं. आई धावत आली, "सगयं नख उपटतीन हो माझ्या पोरीचं!" म्हणून रडायला लागली. डॉक्टरांनी सुन्न करून नखाची कडेची चिंचोळी पट्टी तेवढी काढली. जखम भरल्यावर सरांनी ब्लेडने तिच्या बुटाचं पुढचं कापड कापलं, त्या भोकातून अंगठा बाहेर काढून ती जिल्ह्याच्या स्पर्धेत पळाली, आणि दुसरी आली. ते फाटके बूट तिने बरेच दिवस कुणाला टाकू दिले नाहीत. पुढे ती पोलिसात भरती झाली आणि धुळ्याला नेमणूक मिळाली.

सर निवृत्त झाले तरी मैदान सुटलं नाही. पोलीसभरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली मुलं-मुली पहाटे यायची, सर त्यांना फुकट पळवायचे, आणि कट्ट्यावरची तपासणी तशीच चालू. मी शाळेत लवकर पोचले की कुंपणाशी उभी राहून दोन शब्द बोलायची. त्यांना शुगर निघाली होती, गोळ्या चालू होत्या, त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी चहातली साखर बंद केली होती, आणि सर त्या चहाला 'निवडणुकीतलं आश्वासन' म्हणत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच पाहिली होती आणि तिचा चुकीचा अर्थ लावला होता. सर पायाला हात लावू देत नसत. जुने विद्यार्थी भेटायला येत, वाकत, आणि सर झटकन पाय बाकाखाली ओढून घेत. "हात जोड, बस झालं. पायात काय ठेवेल आहे!" ही निवृत्तीनंतरचीच सवय. आम्हाला वाटलं, वय झालं तसा माणूस अधिक नम्र झाला. एका कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी या विनयावर भाषणही ठोकलं. सर खाली मान घालून बसले होते. त्यामुळे ते आणखीच विनयी दिसले.

मग ती गुरुपौर्णिमा आली. रात्रभर पाऊस लागून गेला होता, मैदानावर चिखल होता, आणि सर नेहमीप्रमाणे मोजे-बूट घालून बाकावर बसले होते. पोरं गुलाबाची फुलं देत होती, हात जोडत होती. लता मुद्दाम धुळ्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिला सरांची ही नवी सवय ठाऊक नव्हती. ती आली तशी वाकली आणि दोन्ही हात बुटांवर घट्ट ठेवले.

सरांच्या तोंडून "स्स्" असा आवाज आला. फार मोठा नाही. पण लता तिथेच उकिडवी बसून राहिली.

"सर, बूट काढा."

"काही नही वं. नवा बूट आहे, चावतो."

"नवा नाहीये, सर. टाच झिजलीय. काढा."

"लते, पोलीस झाली म्हनून माले दटावते का? लोकं पाह्यतात."

"पाहू द्या. लाज ठेवायची तर तोंडाला ठेवा," ती म्हणाली. "पायाला कसली लाज?"

सरांनी बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. मग बूट काढला. मोजा अंगठ्याला चिकटला होता, तो लताने बाटलीतलं पाणी ओतून हळूहळू सोडवला. आतला अंगठा मी पाहिला आणि नजर फिरवली. काळानिळा, सुजलेला, कडेने पू, त्यात कोंबलेला कापूस. आणि नखाचा कोपरा ब्लेडने खोल कोरलेला होता. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना बांध कोरू दिला नाही त्याने घरच्या न्हाणीत दार लावून स्वतःचा कोरला होता. सुमनकाकूंनासुद्धा पत्ता नव्हता.

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले होते, लता पुढे ड्रायव्हरजवळ. मी चिडले होते. म्हटलं, "सर, तुम्हाला हे कळत नव्हतं? शुगर असताना घरी नख कोरायचं नाही, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"ठाऊक व्हतं, मॅडम," ते म्हणाले. "ठाऊक व्हतं म्हनूनच नही दाखोला."

मग रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना शुगर होती. केळीच्या बागेत दिवसभर ओल्यात पाय, नख घुसलं, म्हाताऱ्याने चाकूने कोपरा काढला. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. "बाप खाटेवरून बाग पाह्यत बसायचा. माले डॉक्टरचं तोंड पाह्यलं की ती खाट दिसते." इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांचे अंगठे बघत फिरणारा हा माणूस स्वतःचा अंगठा बघायला घाबरत होता, आणि मला त्या क्षणी त्यांचा राग येण्याऐवजी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अंगठा दाबून, वळवून पाहिला, पावलावरची नाडी तपासली, हाडाचा फोटो काढायला लावला. निरोप मिळताच धावत आलेल्या सुमनकाकूंनी विचारलं, "अंगठा राहील ना हो?" बाई म्हणाल्या, "आज सांगत नाही. हाडापर्यंत गेलं नसेल तर राहील. शुगर उतरू द्या." सरांना भरती करून घेतलं. सलाईनमधून औषधं, रोज ड्रेसिंग, आणि सूज उतरल्यावर नखाची कडेची पट्टी काढून मुळाशी औषध लावलं, म्हणजे ती बाजू पुन्हा वाढू नये. लताने रजा वाढवून घेतली होती. ड्रेसिंगच्या वेळी ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, कारण सर तिकडे बघत नसत. "कसा आहे?" असं छताकडे बघत विचारायचे आणि ती काय दिसतं ते सांगायची. एके दिवशी ती म्हणाली, "सर, आता तुम्हीच बघा." सरांनी मान उचलून पाहिलं. जखम लालसर, स्वच्छ होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहिला अंगठा. आणखी चार दिवस बूट काढला नसता तर माझ्या हातात काही नव्हतं."

सर हसले आणि त्यांना म्हणाले, "बाई, एक सांगू? बाकीच्या नखाले तेवढं सरळ कापजा."

जखम भरायला वेळ लागला, पण सर मैदानावर परतले ते पुढून उघड्या, रुंद सँडलमध्ये. बूट सुटले ते कायमचे. तपासणीची पद्धतही बदलली. सगळ्यात आधी ते स्वतःचा पाय कट्ट्यावर ठेवत आणि एखाद्या पोरीला बोलावत. "चाल, आधी मास्तरचा पाह्य. नीट पाह्य, माझ्यावर भरोसा ठेवू नको. मी लपवनारा मानूस आहे." पोरं खिदळायची. ती पोरगी मात्र वाकून, डोळे बारीक करून खरोखरच बघायची. जुने विद्यार्थी आता पायाला हात लावायचे आणि सर लावू द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. त्रास काही झाला नाही. मी असोद्याला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. भरतीची पोरं मैदानावरच्या कपड्यांतच आलेली होती. लता धुळ्याहून गणवेशातच आली आणि सरांच्या पायांशी जाऊन बसली. भावकीतले एक आबा सगळं करत होते. रीतीप्रमाणे त्यांनी दोन्ही पायांचे अंगठे जुळवले, सुताचे वेढे दिले आणि गच्च गाठ मारली.

लता बराच वेळ त्या अंगठ्यांकडे बघत होती. सरांच्या त्या अंगठ्याचं नख एका बाजूने अरुंद होतं, पण सरळ कापलेलं होतं. तिने आबांच्या हातावर हात ठेवला.

"आबा, एवढं आवळू नका," ती म्हणाली. "ढिल्लं बांधा. सरांना अंगठा मोकळा लागतो."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी गाठ सोडली आणि परत सैल बांधली.