मामाने कापलेली पट्टी

माझा मामा दवाखान्यात ड्रेसर होता. म्हणजे जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. डॉक्टर टेबलामागे बसून औषधं लिहून देत आणि मामा खाली वाकून रक्त पुसत असे. दिवसभर लोकांचे फुटलेले गुडघे बांधून माणसाचं मन भरायला हवं की नाही? याचं भरत नसे. संध्याकाळी चहा घशाखाली उतरला की हा निघाला बॉक्सिंगच्या हॉलमध्ये, तिथल्या धडधाकट पोरांच्या हातांना पट्ट्या बांधायला. मामी म्हणायची, "सकाळी मोडलेले बांधतात, संध्याकाळी मोडायला निघालेले बांधतात. घरात एक नळ गळतोय, तो बांधायला वेळ नाही."

कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहत होते. त्यामुळे त्या पट्ट्यांनी माझंही डोकं खाल्लं. घामाने आंबलेल्या पट्ट्या मामा घरी आणून धुवायचा. गॅलरीतल्या दोरीवर आमच्या कपड्यांना जागा उरायची नाही. वाळल्या की टीव्हीसमोर बसून, मांडीवर धरून, कडा जुळवत एकेक गुंडाळायचा. मी गुंडाळलेली पट्टी तो मुकाट्याने सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. बोलला असता तर परवडलं असतं.

सामन्याच्या दिवशीचा त्याचा एक नियम होता. हातांना पट्टी बांधून झाली की पंच येतो, ती दाबून बघतो आणि वर पेनाने सही करतो. मगच ग्लोव्ह चढवायचे. ती सही होईपर्यंत मामा पोराला सोडून जागचा हलत नसे. "बांधली मी, तर जबाब मी द्यायचा," म्हणायचा.

हा नियम त्याला डावऱ्यामुळे जडला. डावऱ्या हे हॉलमधलं नाव, डाव्या हाताने खेळायचा म्हणून. बाप नव्हता, आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी. पोराचा हात असा वेगवान की बघणाऱ्याची पापणी लवेपर्यंत समोरचा खाली. पण डोकं? डोक्याच्या जागी नुसती घाई. एकदा मामा तापाने घरी पडला होता, तेव्हा या शहाण्याने स्वतःची पट्टी स्वतः बांधली आणि आत प्लास्टरचा ओला तुकडा दडवला, हाड मोडल्यावर लावतात तो. ग्लोव्हच्या आत तो वाळून दगड झाला. समोरच्या पोराचा जबडा मोडला. आणि ते प्लास्टर आलं कुठून, तर हॉलच्या खुंटीला टांगलेल्या मामाच्याच पिशवीतून.

दोन वर्षांची बंदी आली. कोचने लगेच हात झटकले. मामाने मात्र त्याच्या कानफटात एक वाजवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पट्ट्या गुंडाळायला बसवलं. रिंगमध्ये पाय ठेवायची मनाई होती, तर हा दोन वर्षं रिंगच्या बाहेर बसून दुसऱ्यांच्या पट्ट्या गुंडाळत राहिला. त्याने गुंडाळलेली पट्टी मामा पुन्हा सोडत नसे. मला हे फार लागलं, खोटं कशाला सांगू.

बंदी संपली, तेव्हा बॉक्सिंगच्या संघटनेने नवीन खुसपट काढलं. म्हणे, या मुलाच्या वागणुकीची हमी कोणीतरी जबाबदार माणसाने समितीसमोर येऊन द्यावी, तरच निवडीच्या सामन्यात उतरता येईल. त्या निवडीतून राज्याच्या संघात जागा मिळायची होती. वयाच्या हिशेबाने डावऱ्याला ती शेवटचीच संधी होती. कोचला विचारलं, तर त्याला नेमकं गावाला जायचं होतं. शेवटी मामाच उभा राहिला. ड्रेसर माणूस, दवाखान्यातून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. शर्टाला इस्त्री डावऱ्याच्या आईने केली होती.

"कशावरून सुधारला म्हणता?" संघटनेच्या सेक्रेटरींनी विचारलं. हे सेक्रेटरी म्हणजे पायात कधी बूट बांधून न धावलेले आणि साऱ्या खेळाडूंना शिस्त शिकवणारे गृहस्थ.

"ज्याचा जबडा मोडला, त्याच्या घरी जातो साहेब. पहिल्यांदा त्याच्या बापाने हाकलून दिलं. दुसऱ्यांदाही हाकललं. आता आत बसवतात, बोलत नाहीत. तरी हा जातो. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, त्या मुलाच्या बापाने दवाखान्यात सांगितलं."

"आणि परत काही केलं तर?"

"तर आधी माझे कान धरा."

घरी येऊन मामाने हे सांगितलं तेव्हा मामी म्हणाली, "तुमचे कान काय धरायचेत, ते आधीच लोंबतायत." पण त्या रात्री तिने शिरा केला नसला तरी भाजीत तेल सढळ हाताने टाकलं. डावऱ्याने दारात उभं राहून मामाला वाकून नमस्कार केला. मामा म्हणाला, "पायाला हात लावू नकोस, हात जप."

निवडीच्या दिवशी मी मामाबरोबर गेले होते, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन. कपडे बदलायची खोली लांबट, भिंतीला लागून बाकं, एका कोपऱ्यात समोरचा खेळाडू आणि त्याचा ट्रेनर. मामाने डावऱ्याला खुर्चीवर उलटं बसवलं, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बांधायला घेतलं. मनगटाला वेढे, अंगठ्यातून एक फेरा, बोटांच्या मधून, परत मनगटावर. मामाने सांगायच्या आत डावऱ्या बोटं फाकवत होता.

दोन्ही हात झाले आणि पंच यायच्या आतच सेक्रेटरींनी दारातून बोट वाकवून मामाला बोलावलं. मामा म्हणाला, "सही होऊ द्या साहेब." ते म्हणाले, "एक मिनिट हो, तुम्ही काय सोनं राखत बसलाय?" मामा उठला. आयुष्यात पहिल्यांदा उठला. ज्यांनी त्याची हमी मानली, त्यांना नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

मी बाटल्या भरायला त्याच्या मागोमाग बाहेर गेले. बोळात सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "समोरचा ट्रेनर कुरकुरतोय. आज काही निघालं, तर तुम्ही तर जालच, हॉलला पण कुलूप लागेल. तुमच्या शब्दावर घेतलंय आम्ही त्याला. नीट बघितलंय ना?" मामा म्हणाला, "माझ्या हाताने बांधलंय." तेवढंच. पण परत आत आला तो माझा मामा नव्हता. चेहरा उतरला होता.

त्याने डावऱ्याचा डावा हात धरला आणि पट्टी चाचपली. तळव्याशी बोट थांबलं. तिथे काहीतरी जाड होतं. मामाने बांधली तेव्हा नव्हतं.

"हे काय आहे?"

"टोक सुटलं होतं, आत खोचलं," डावऱ्या म्हणाला.

तेवढ्यात पंच आत आला, मागून सेक्रेटरी. कोपऱ्यातल्या ट्रेनरने मान वर केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मामाने खिशातून ड्रेसिंगची कात्री काढली आणि सगळ्यांच्या देखत ती पट्टी मनगटापासून बोटांपर्यंत उभी कापली.

आत तळवा होता. घामेजलेला. आणि चुरगळून खोचलेलं पट्टीचं टोक, मामानेच धुतलेलं.

पंच म्हणाला, "ठीक आहे, दुसरी बांधा, माझ्यासमोर. वेळ आहे." मामाने नवी गुंडाळी काढली. ती डावऱ्यानेच गुंडाळलेली होती. "आण हात," तो म्हणाला. डावऱ्याने हात पाठीमागे नेला. "बाळा, आण हात." बाहेर नाव पुकारलं. परत पुकारलं. पंचाने दम दिला, मी ओरडले, "अरे वेड्या, दे ना हात!" तो मामाकडे बघत उभा राहिला. तिसऱ्यांदा पुकारलं आणि समोरच्या पोराला न खेळताच विजयी केलं.

चुकलं डावऱ्याचंही. मी आजही म्हणते, हात पुढे केला असता तर आज तो कुठे असता. इतका कसला मान? पण हे मी म्हणते. माझ्या हाताला कोणी कात्री लावलेली नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मामाने पट्टी कापली एवढंच लोकांनी धरलं, आत काय निघालं ते कोणी विचारलं नाही. हमी देणाऱ्यानेच कात्री लावली म्हटल्यावर विचारायचं काय? मामा हॉलमध्ये, दवाखान्यात, इस्त्रीच्या दुकानासमोर, भेटेल त्याला सांगत सुटला. "आत काही नव्हतं हो. मी कापली, मी बघितलं." पालथ्या घड्यावर पाणी. लोक समजुतीने माना हलवायचे. सेक्रेटरींनी तर पाठीवर हात ठेवला. "मामा, तुमचं मन मोठं आहे. पण त्या पोरावर किती पांघरूण घालाल?" समितीसमोर त्याने जे सांगितलं, ते विश्वासावर सांगितलं होतं आणि ते लोकांनी मानलं होतं. आता डोळ्यांनी बघितलेलं सांगत होता, तर त्याला खोटारडा ठरवत होते, तेही कौतुकाने.

डावऱ्या फरशीच्या गोदामात लागला. मामा एकटा जायला धजेना, मला घेऊन गेला. डावऱ्या खोकी उतरवत होता. आम्हाला बघून त्याने खोकं खाली ठेवलं, रबरी हातमोजे काढले आणि दोन्ही हात मामाच्या पुढे धरले. आधी तळवे. मग उलटे करून.

"तपासा, मामा. मग बोला."

मामाने ते हात धरायला हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबला. "मला माहीत आहे रे," तो म्हणाला, "काही नव्हतं तुझ्या हातात."

"आता माहीत आहे," डावऱ्या म्हणाला. त्याने मोजे चढवले आणि खोकं उचललं.