भिंतीपलीकडच्या कोंबड्या

जबलपूरला गढा भागातल्या एका गल्लीत बोंडे भावांची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. मधे परसाची एकच भिंत. अलीकडे थोरली जाऊ पद्मजा, पलीकडे धाकटी इंदिरा. दोघी कोंबड्या पाळत, आणि एकमेकींशी बोलत नसत.

कारण साधं होतं. मुलगी झाली तर तिचं नाव मीरा ठेवायचं, असं पद्मजाने लग्नाआधीपासून ठरवलं होतं. मुलगी आधी इंदिरेला झाली आणि तिने तेच नाव ठेवलं. पद्मजाला मुलगेच झाले. मीरा आता कॉलेजात जात होती.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता पद्मजाच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात. पेरूच्या झाडावर चढून बसत. तुरे पांढुरके पडले. खुडूक कोंबडी अंडी सोडून उठली आणि भिंतीशी अंग घासत राहिली. इंदिरेनेच काहीतरी टाकलं असणार, असं पद्मजाने नवऱ्याला सांगितलं. भाऊराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

शेवटी एक कोंबडी पिशवीत घालून, टेम्पोत बसून ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पिसं उलटून पाहिली, मग खुराड्याबद्दल विचारलं.

"जूं भी है, पर असली चीज माइट है. दिनभर लकड़ी की दरारों में छुपा रहता है, अँधेरा होते ही खून पीता है. दीवार के उस पार क्या है?"

"दुसरं खुराडं."

"किसका?"

"आहे एक जण."

"तो दोनों एक ही दिन साफ करो दीदी, नहीं तो इधर से उधर आते रहेंगे. हफ्ते बाद फिर करना, अंडों से नए निकलते हैं."

घरी येऊन तिने खुराड्याची दांडी उचलून पाहिली. फटीत मोहरीहूनही बारीक, तांबडे किडे गच्च बसले होते. ती गल्लीला वळसा घालून इंदिरेच्या दारात गेली.

"तुझ्या कोंबड्या झाडावर बसून राहिल्या काय?"

"हो," इंदिरा म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही काही टाकलं."

"मलाही तसंच वाटलं."

रविवारी दोन्ही खुराडी रिकामी झाली. जुनं गवत आणि दांड्या जाळल्या. फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर भिंतीला दोन्हीकडून चुना फासला. राहिली डॉक्टरांनी दिलेली पावडर. कोंबडीला एकीने धरायचं आणि दुसरीने पंखाखाली, शेपटीखाली चोळायचं. एकटीने होत नाही. दोघींनी नाकाला पदर बांधले.

"ताई, त्या नावाचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं," इंदिरा पदरातून म्हणाली.

"पंख वर धर."

आठवड्याने पुन्हा पावडर लावायची होती. या वेळी कोंबडी पद्मजाने धरली.

"ठाऊक होतं तुला," ती म्हणाली.

इंदिरेने डबा खाली ठेवला. "होतं. मला फार आवडलं होतं ते नाव."

"मग खोटं काहून बोलली?"

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना. पुन्हा बंद झाल्या असत्या."

कोंबडीने तेवढ्यात पद्मजाच्या लुगड्यावर घाण केली.

"दुसरी आण," ती म्हणाली. "ही झाली."

दिवसभरात तिने इंदिरेला चार गोष्टी सांगितल्या, सगळ्या कोंबड्यांबद्दल. संध्याकाळी इंदिरेने चहा केला. पद्मजाने तो उभ्यानेच प्यायला, पण पूर्ण प्यायला.

पावसाळ्यात तुरे लाल झाले, कोंबड्या झाडावरून उतरून आपापल्या खुराड्यात बसू लागल्या. फटी तपासल्या तर एकही किडा सापडेना. तरी दर पंधरवड्याला इंदिरा भिंतीपलीकडून हाक मारते आणि दोघी मिळून खुराडी उपसतात. डॉक्टरांनी इतकं करायला सांगितलं नव्हतं. भाऊरावांनी तसं एकदा बोलूनही दाखवलं.

"तुम्हाला कोंबड्यांतलं काय समजतं?" पद्मजा म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.