छान आलेला रिपोर्ट

सुजाताचा माझ्यावरचा विश्वास थोडा जरी उडाला असता, तर हे बोलणं सोपं गेलं असतं. तो उडालेला नाही. म्हणून आजवर कुणालाच — नवऱ्यालाही — सांगितलं नाही.

दोन हजार पाच साल. सिंगापुरात डेंग्यूची साथ होती आणि मी प्रयोगशाळेत डेंग्यूच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे बारीक कण असतात. तापात ज्यांचे हे कण एकदम घटत, त्यांतले बरेच जण पुढे गंभीर होत — असं दिसू लागलं होतं. सिद्ध काहीच नव्हतं. बाहेर बोलायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती.

सुजाता आणि मिलिंद बुकित बातोकला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मिलिंदचं कोलेस्टेरॉल कायम वाढलेलं. सुजाता त्याच्या ताटातलं मटण काढून घ्यायची. त्याला ताप भरला त्याच दिवशी ऑफिसची वार्षिक तपासणी होती. हा पठ्ठ्या तापातच रक्त देऊन आला. क्लिनिकने साधा व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. मग तपासणीचा रिपोर्ट आला आणि सुजाता तो घेऊन धावत वर आली.

“ताई, बघा ना, कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलंय! ताप उतरू दे, सुकं मटणच करते.”

मी आकडे पाहिले. प्रयोगशाळेत रोज दिसायची तीच घसरण. आणि मी म्हणाले — “छानच की.”

का? साहेबांची ताकीद, असं मी स्वतःला सांगत आले. पण ‘आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने’ एवढं म्हणायला कुठलं गुपित फुटणार होतं? खरं कारण फार क्षुद्र आहे. थोड्याच दिवसांपूर्वी बुद्धवंदनेनंतर मी एकाच्या ॲसिडिटीला हार्ट अटॅक ठरवून त्याला इमर्जन्सीत पिटाळलं होतं. सगळे पोट धरून हसले. ‘पीएचडीवाल्या डॉक्टरीणबाई’ म्हणून अजून चिडवत होते. पुन्हा हसं नको — एवढंच होतं मनात. लाज वाटते लिहिताना.

मिलिंदला आयसीयूत नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तो डेंग्यूनेच गेला. लवकर नेलं असतं तर वाचला असता? कुणीच सांगू शकत नाही. त्या प्रश्नाआड मी पुष्कळ वर्षं लपले.

सुजाता आता सिंगापुरातच, क्वीन्सटाउनला राहते. घरी कुणी आलं, मिलिंदचा विषय निघाला, की सांगते — “आमच्या ताईंनी स्वतः रिपोर्ट पाहिला होता. सगळं छान होतं. कुणाला काय कळणार?”

मी शेजारीच बसलेली असते. ती माझ्याकडे बघते. मी मान हलवते.