एकेचाळिसावं प्रकरण

दुपारी जेवून उठल्यावर उत्पला दिवाणावर जरा पाठ टेकते. झोपायचं तिच्या मनात अजिबात नाही. पाच वाजता पुण्याचे प्रकाशक देशमाने फोन करणार आहेत. त्याआधी कादंबरीची फाईल त्यांच्याकडे गेली पाहिजे, आणि त्याआधी शेवटचं प्रकरण एकदा कागदावर वाचून काढायचं आहे. पण आमटी-भात अंमळ जास्त झालाय, पंखा एका सुरात घरघरतोय, आणि छापलेल्या ओळी एकमेकींच्या अंगावर रेलू लागल्यात.

ही उत्पला म्हणजे चारुता-उत्पला या जोडीतली. जुनी परीकथा घ्यायची, तिच्या राजकन्येला घोड्यावर बसवायचं, वाटेत एका देखण्या आणि जरा आगाऊ मुलाशी तिची गाठ घालून द्यायची आणि तीनशे पानं वाचणाऱ्याला दम खाऊ द्यायचा नाही, हा दोघींचा उद्योग. अशा पाच कादंबऱ्या झाल्या. आठवी-नववीच्या मुली त्या दप्तरात लपवून वाचतात, आणि त्या शाळेत गेल्या की त्यांच्या आया वाचतात. नायिका चारुताची, नायक उत्पलाचा. एक प्रकरण हिचं, एक तिचं. दुसरीच्या माणसाच्या तोंडी एक शब्दही घालायचा नाही, हा कडक नियम. सांगलीच्या एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये बसून एकीनं वाचायचं आणि दुसरीनं मध्ये तोंड न घालता फक्त 'पुढे?' म्हणायचं.

सहावी कादंबरी शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. उत्पलाचा रणजय काटेरी रानाशी वेळेवर पोचतो, पण आत शिरायचा त्याला धीर होत नाही. सबबी सांगत तो सात वर्षं बाहेरच तळ ठोकून बसतो आणि चाळिसाव्या प्रकरणात एकदाचा तिच्या उशाशी येतो. आता डोळे उघडून तिनं काय म्हणायचं, ते एकेचाळिसावं प्रकरण चारुताचं. आणि चारुता फेब्रुवारीत गेली. म्हणून ते उत्पलानंच लिहिलंय, गुपचूप, आणि चारुतासारखं साधलंयही. कुणाला कळणार नाही. तेच कागद आत्ता तिच्या छातीवर आहेत.

डोळा लागतो. दिवाण हळूहळू बाकासारखा कडक होतो आणि ती स्टँडवर बसलेली आहे. सगळा स्टँड झोपलाय. कंडक्टर तिकीट फाडता फाडता झोपलाय, एक बाई पोराच्या तोंडात घास धरून झोपलीय. फलाटांवर बाभळी माजल्यात आणि गाड्यांच्या खिडक्यांतून काटे आत शिरलेत. उत्पला त्यातून वाट काढत कँटीनमध्ये येते. पोहे वाढणाऱ्याचा हात डावासकट हवेत तसाच आहे. कोपऱ्यातल्या टेबलाशी चारुता बसलीय. केस पूर्वीसारखे दाट. समोर एकेचाळिसावं प्रकरण.

"ये बाई," चारुता म्हणते. "तुझीच करामत वाचत होते."

उत्पला समोर बसते. "जमलंय का?"

"छान जमलंय. माझ्यापेक्षा तूच माझ्यासारखं लिहितेस." ती पान उलटते आणि राजकन्येचं बोलणं मोठ्यानं वाचते, "'उशीर झाला म्हणून काय झालं? तुझी वाट बघण्यातच मला सुख होतं.' सुख? अगं, शंभर वर्षांत पाठ धरलीय तिची. घशाला कोरड पडलीय. आणि डोळे उघडल्या उघडल्या ही याची समजूत घालतेय?"

"वाचणाऱ्या मुलींना आवडेल."

"मुलींना आवडेल. पण तू मुलींसाठी लिहिलंस का हे?"

टेबल लांब होत होत लोखंडी खाट झालंय. चारुता आता त्यावर उशीला टेकून बसलीय आणि डोक्याला रुमाल आहे. सलाईनची नळी बाभळीच्या फांदीवरून खाली येतेय. ही खोली उत्पलाला पुरती ओळखीची आहे. याच खोलीत चारुता म्हणाली होती, वही काढ, शेवटचं प्रकरण सांगते, तू लिहून घे. वही पिशवीतच होती. पण ती काढायची म्हणजे ही आता घरी येत नाही असं कबूल करायचं, आणि ते उत्पलाच्या जिवावर आलं. ती हसून म्हणाली होती, "मी काय तुझी कारकून आहे? बरी हो आणि स्वतः लिही." दोन दिवसांनी सगळं संपलं.

"चारू, आत्ता सांग," उत्पला म्हणते. "मी घेते लिहून. काय म्हणणार होती ती?"

चारुता रुमालाशी चाळा करते. "आता नाही गं आठवत. तेव्हा अगदी ओठांवर होतं. तू ऐकलं असतंस तर तुझ्यापाशी तरी राहिलं असतं."

"रागावली होतीस?"

"हो." ती सरळच सांगते. "फार नाही, पण रागावले होते. तू गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले. प्रकरणाचं जाऊ दे, पण कुणीतरी 'पुढे?' म्हणायला हवं होतं मला. तू त्याला सात वर्षं रानाबाहेर बसवलंस ना? तो भित्रेपणा तुला बरा ठाऊक होता."

उत्पलाला रडू फुटतं. "चुकलं माझं. मला भीती वाटली."

"माहीत आहे. मलाही वाटत होती. म्हणूनच तर सांगत होते."

उत्पला तिचा हात धरते. हात गार आहे आणि तो सोडायची तिची मुळीच तयारी नाही. ती खाटेवर पुढे सरकते आणि जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते म्हणते, "पुढे?"

चारुताचा चेहरा उजळतो. ती घसा साफ करते, बोलायला तोंड उघडते, आणि त्याच क्षणी सगळा स्टँड जागा होतो. डाव भांड्यावर आपटतो, पोर भोकाड पसरतं, मिरजेची गाडी लागल्याचं कर्ण्यावरून ओरडून सांगतात, माणसं पिशव्या घेऊन खाटेच्या दोन्ही बाजूंनी धावत सुटतात. चारुता बोलतेय. तिचे ओठ भराभर हलतायत. उत्पला कान अगदी तिच्या तोंडाशी नेते, पण गाड्यांच्या आवाजात एक अक्षर कळत नाही.

फोन वाजतोय. उत्पला दिवाणावर उठून बसते. ऊन खिडकीतून सरकलंय, गाल ओले आहेत. उजव्या हाताची बोटं शिशानं काळी झालीत आणि पेन्सिल चादरीवर पडलीय. ती हातात कधी घेतली ते तिला आठवत नाही. मांडीवर प्रकरणाचं पहिलं पान आहे. राजकन्येच्या बोलण्यावर आडवी रेघ मारलीय आणि शेजारी समासात, उत्पलाच्याच अक्षरात, लिहिलंय, "हे मी म्हटलेलं नाही." पेन्सिल इतकी दाबून चालवलीय की खालच्या कागदावरही अक्षरं उमटलीत. ती त्यांवरून बोट फिरवते आणि मग फोन उचलते.

"मॅडम, फाईलची वाट बघतोय," देशमाने म्हणतात.

"पाठवते. चाळीस प्रकरणं आहेत."

"आणि शेवटचं? एकेचाळिसावं?"

"ते चारुताचं होतं," उत्पला म्हणते. "ती सांगत होती. मी ऐकलं नाही."