फुलंब्रीवरून शेंद्र्याला

मोबाईल बंद पडले तरी निरोप पोचावा, म्हणून आम्ही हौशी रेडिओवाले एका केंद्राकडून दुसऱ्याकडं निरोप धाडतो. पुंडलिकनगरातल्या गच्चीवर त्याचं प्रात्यक्षिक होतं. कुठला निरोप कुठून जाणार, ती यादी सांभाळणारे गृहस्थ पाहुण्यांना पडद्यावरचा नकाशा दाखवत मिरवत होते.

माझा शेंद्र्याचा निरोप पोचलाच नाही. यादीनं तो फुलंब्रीवरून धाडला होता, आणि फुलंब्रीचं केंद्र कधीचंच बंद होतं.

"ते नाव काढा की," मी म्हणालो.

"काढलं तर नकाशा लई ओकाबोका दिसंल, भाऊ."

मग त्यांनी शेंद्र्याला मोबाईल लावला, निरोप तोंडी सांगितला आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "पोचला!"

टाळ्या पडल्या, तसे ते हात जोडून वाकले. इतका निर्लज्ज नमस्कार मी पुन्हा पाहिला नाही.