नूरभाईंनी फोनवर दुरुस्त केलेला बॉयलर

ताइफला थंडी पडते असं बाणकोटात सांगितलं तर लोक हसतात. सौदी म्हणजे वाळू आणि ऊन, एवढंच त्यांना ठाऊक. पण ताइफ डोंगरावर आहे. नोव्हेंबरात तिथलं नळाचं पाणी हाताला चावतं, आणि त्या पाण्याच्या जिवावर बाणकोटचे नूरुद्दीन बावीस वर्षं तिथे टिकून होते. आले होते रंगारी म्हणून. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बावीस वर्षं रंगारीच राहिले. ब्रश मात्र पहिल्या वर्षानंतर हातात धरला असेल तर शपथ! एका म्हाताऱ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कारागिराच्या हाताखाली ते गॅसचे बॉयलर दुरुस्त करायला शिकले आणि मराठी, मलबारी, हैदराबादी, सगळ्या घरांचे नूरभाई झाले.

त्यांची तऱ्हा वेगळी. घरात शिरल्या शिरल्या बॉयलरला हात लावायचा नाही. आधी बसायचं, चहा घ्यायचा, नळ सोडायला सांगायचं आणि ऐकायचं. टकटक होते पण पेटत नाही? सेल संपले. टकटकही होत नाही? पाण्याला दाब नाही, जाळीत कचरा. पेटून पुन्हा विझतो? मग मात्र उठायचं, बाहेर जाऊन धुराचा पाइप बघायचा. निम्म्या घरांत ते नुसते सेल बदलून यायचे आणि तेवढ्यासाठी अर्धा तास उपदेश करायचे.

२०१३ साली हे सगळं अंगाशी आलं. प्रत्येक कंपनीत ठरावीक सौदी माणसं हवीत आणि परक्या माणसाने आपल्या कफीलाकडेच, म्हणजे परवाना काढून देणाऱ्या मालकाकडेच, इकाम्यावर लिहिलेलंच काम करावं, असा कायदा कडक झाला. कागद सुधारायची मुदत नोव्हेंबरात संपली आणि धाडी सुरू झाल्या. नूरभाईंचा कफील लांब राबिघ गावात, तोही तीन वर्षांत फोन न उचलणारा. सापडले की तुरुंग आणि तिथून विमान. बाणकोटात बायको नूरुन्निसा फोनवर रडायची, “या ना निघून.” पण धाकट्या मुलीचं, अरवाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं.

मग काय, नूरभाईंनी खोलीची कडी लावली ती लावलीच. हत्यारांची पिशवी तांदळाच्या पिंपात गेली. खाली गाडीचं दार वाजलं की हे संडासात जाऊन उभे. पण थंडीत बॉयलर बिघडायचे थांबतात थोडेच? फोन येत राहिले, आणि ज्या माणसाने आयुष्यात न बघता बॉयलर उघडला नाही, तो आता पलंगावर बसून फोनवर दुरुस्त्या सांगू लागला.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर रेखाताईंचा फोन आला. सरकारी हॉस्पिटलातल्या, नगरच्या. घरी त्या आणि सासूबाई सुहासिनीबाई, दोघीच.

“नूरभाई, पेटतो आणि पाच मिनिटांत विझतो. येता का?”

“मॅडम, बाहेर धाडी चालल्यात. वरती एक छोटं बटण असेल, दोन वायरींचं. ते खराब झालं असणार. वायरी काढून एकमेकींना जोडा, मी नंतर नवीन बसवून देतो.”

बॉयलर चालू झाला. रेखाताईंनी आभार मानले. नूरभाईंना त्या रात्री बरी झोप लागली.

शनिवारी दुपारी पुन्हा फोन. “मस्त चाललाय हो! ज्योत तेवढी पिवळी दिसते आणि वरची भिंत काळी पडलीय. आई आत्ताच डोक्यावरून न्हायला गेल्या. तुम्ही फुरसतीने या, मी ऑपरेशनला चाललेय,” आणि फोन बंद.

पिवळी ज्योत. काळी भिंत. बटण खराब नव्हतंच. धुराचा पाइप तुंबला होता, धूर घरात फिरत होता, आणि बटण इमानाने बॉयलर बंद करत होतं. ते त्यांनी काढायला लावलं होतं. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपतो आणि उठत नाही.

रेखाताईंचा फोन बंद. घरचा वाजून वाजून थांबला. तेवढ्यात जुहरची, दुपारच्या नमाजाची, बांग झाली. नमाजाच्या वेळी दुकानं बंद, रस्ते रिकामे. त्या वेळी पळणारा परदेशी माणूस लगेच डोळ्यात भरतो. नूरभाई रेखाताईंच्या घराकडे पळाले. पायांत सपाताही नव्हत्या. पन्नाशीचं शरीर, छातीचा भाता झालेला, आणि प्रत्येक वळणावर वाटायचं, आता हात पडला खांद्यावर.

अंगणातल्या गॅसच्या सिलिंडरचा नळ त्यांनी आधी बंद केला. दाराला कुलूप. आत एकटी बाई, न्हाताना. परक्या पुरुषाने ते दार फोडलं तर या मुलुखात त्याचं काय होईल, हे त्यांना सांगायला नको होतं. किल्ली राखणदार यासीनकडे, यासीन समोरच्या मशिदीत, आणि मशिदीच्या दाराशी पोलिसांची गाडी उभी. बावीस वर्षांत एकाही जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजात, ते साधे खोकले नव्हते. त्यांनी दारात उभं राहून, जमात उभी असताना, बेंबीच्या देठापासून हाक मारली, “यासीन! किल्ली! बाई मरतेय!”

रांगेतून यासीन धावला. त्याच्यामागून दोन पोलीसही.

सुहासिनीबाई मोरीत पडल्या होत्या. नूरभाई तोंड फिरवून खिडक्या उघडत सुटले. चादरीत गुंडाळून बाईंना बाहेर आणलं, तेव्हा श्वास चालू होता. पोलिसाने इकामा मागितला. रंगारी. तुला कसं कळलं? नूरभाईंनी मोडक्या अरबीत वायरीसकट सगळं सांगितलं. फोन आणि इकामा पोलिसाच्या खिशात गेला.

हॉस्पिटलात रेखाताई हिरव्या कपड्यांतच धावत आल्या. सासूबाईंना बघून, प्राणवायू सुरू झाल्यावर बाहेर आल्या. नूरभाई भिंतीला टेकून उभे होते, शेजारी पोलीस.

“मॅडम, मी भ्यालो. म्हणून आलो नाही. मला माफ...”

“ते नंतर,” त्या म्हणाल्या. “ही वायरीची युक्ती आणखी कुणाला सांगितलीत?”

पोलिसाच्या पहाऱ्यात, स्वतःचं काय होणार या धास्तीत, हे नूरभाईंच्या मनातच आलं नव्हतं.

“दोघांना.”

रेखाताईंनी पोलिसाला अरबीत असं काही सुनावलं, की त्याने मुकाट्याने फोन काढून दिला. पहिला नंबर मलबारी मास्तरांचा. उचलला, समजलं, बॉयलर बंद केला. दुसरा रफीक मुकादमांचा. बराच वेळ वाजला, मग त्यांची सात वर्षांची झोया बोलली.

“अब्बू नहा रहे हैं, अंकल.”

“दरवाजा ठोक, बेटा! जोर से ठोक!”

ठकठक ऐकू आली. मग काहीच नाही. पुन्हा ठकठक. नूरभाई फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरून होते, ओठ हलत होते. पोलीसही जवळ सरकला. आणि मग कडी वाजली, आणि एक ओला, चिडका आवाज आला, “कोण मेलंय आता? न्हाऊ दे की सुखानं!”

नूरभाई तिथेच फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे हमसून रडले. रेखाताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि रफीकना पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं.